वाचक विचारतात: तुटलेल्या गालाने खेळलेला सॅम बर्जेस आणि आपल्या पोरांचे गुडघे

"ताई नमस्कार, मी चोपडा तालुक्यातला, बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे, कबड्डीत रेडर. मागच्या थंडीत यात्रेच्या टुर्नामेंटला रेड टाकून परत फिरताना मागून अँकल होल्ड बसला, पाय तिथंच राहिला, मी वळलो आणि गुडघ्यात कट्ट असा आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलाय असं निघालं, डॉक्टर सर्जरी म्हणतात. पण आता सूज नाही, चालतो फिरतो, गाडी चालवतो. कॉलेजचे सर म्हणतात तुझी अंगकाठी रग्बीला एकदम फिट आहे, दोन महिन्यांनी निवड आहे, नी-कॅप लावून ये. मित्रांनी सॅम बर्जेसचा व्हिडिओ दाखवला, तोंड फुटलेलं असून पूर्ण फायनल खेळला, आणि तू गुडघ्याला घाबरतो म्हणे. माय म्हनस, 'आते खेय सोडी दे भाऊ.' काय करू? आणि त्या बर्जेसचं पुढं काय झालं तेही सांगा."

भाऊ, आधी सरळ उत्तर घे, नी-कॅप लावून निवडीला जाऊ नकोस. कारण सांगतेच, पण त्याआधी बर्जेसचं सांगते, कारण तुला मित्रांनी ऐंशी मिनिटं दाखवलीत, आणि त्या माणसाचं करिअर त्या मॅचच्या आधी आठ वर्षं आणि नंतर पाच वर्षं चाललं, ते कुणी दाखवत नाही.

सॅम बर्जेस १९८८ चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातलं ड्यूसबरी नावाचं गाव. तिकडे रग्बी लीग म्हणजे आपल्याकडची कबड्डी समज, बाप खेळलेला, भाऊ खेळणार, गल्लीतली पोरं खेळणार. हा १७ व्या वर्षी ब्रॅडफर्ड बुल्सकडून उतरला, १८ व्या वर्षी २००७ मध्ये ग्रेट ब्रिटनकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळला आणि त्या मॅचमध्ये त्याने फुईफुई मोईमोई नावाच्या दांडग्या गड्याला असा टॅकल केला की लोक अजून ती क्लिप शोधून बघतात. त्याच काळात त्याचे वडील मोटर न्यूरॉनच्या आजाराने गेले. २०१० ला तो सिडनीला साउथ सिडनी रॅबिटोजकडे गेला, मागोमाग बाकीचे तिन्ही भाऊ पण तिकडेच आले, चौघं बर्जेस एका क्लबात.

आता ती फायनल, ऑस्ट्रेलियातल्या लीगची. ५ ऑक्टोबर २०१४, समोर कँटरबरी बुलडॉग्ज. साउथ सिडनीला १९७१ नंतर एकही टायटल नव्हतं, ४३ वर्षं, म्हणजे स्टेडियममधल्या कित्येकांच्या अख्ख्या आयुष्यात नाही. मॅच सुरू झाली आणि पहिल्याच धावेला बर्जेस बॉल घेऊन सरळ घुसला, समोरून आला जेम्स ग्रॅहम, जो इंग्लंडच्या टीममध्ये त्याचाच साथीदार, आणि डोक्यावर डोकं आदळलं. गालाचं हाड तुटलं, डोळ्याच्या खोबणीचं पण तुटलं. व्हिडिओ परत नीट बघ, पण यावेळी फक्त त्याचा चेहरा बघ. गाल आत दबलेला दिसतो, मग हळूहळू डोळ्याभोवती सूज चढत जाते, तो मधेमधे हाताने गाल चाचपतो, आणि पुढच्या टॅकलला पुन्हा तेच तोंड घेऊन जातो. दुसऱ्या हाफमध्ये ६-६ अशी बरोबरी झाली होती, मग त्याचा भाऊ जॉर्जने बचाव फोडून ट्राय केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, आणि तिथून साउथ सिडनी सुटले ते ३०-६ वर थांबले. सॅम रडत होता मैदानावर. मॅचचा बेस्ट प्लेयर म्हणून क्लाइव्ह चर्चिल मेडल त्यालाच मिळालं. मला ती मॅच फार आवडते आणि ते शौर्य खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्यामागं काय होतं तेही बघ. त्या क्लबची एक जुनी गोष्ट आहे, १९७० च्या फायनलला त्यांचा कॅप्टन जॉन सॅटलर, सुरुवातीच्या मिनिटांतच जबडा तुटला आणि तो शेवटपर्यंत खेळला, क्लब जिंकला. तेव्हापासून तिथं लहान पोरांना ही गोष्ट सांगूनच मोठं करतात. म्हणजे बर्जेस उभा राहिला तेव्हा त्याच्या मागं ४४ वर्षांची एक अपेक्षा पण उभी होती. तुझ्या मित्रांनी तुझ्यासमोर तोच मोबाईल धरला तेव्हा तसलीच अपेक्षा आता तुझ्यावर आली, फरक एवढाच की त्याच्या मैदानाच्या कडेला डॉक्टर बसलेले होते, क्लबचा पैसा होता, नंतर गालाचं ऑपरेशन झालं आणि ते मिटलं. तुझ्या निवडीच्या मैदानावर कोण असणार आहे, बर्फाची पिशवी तरी असणार आहे का, सरांना विचार.

पुढचं ऐक. त्याच हिवाळ्यात तो युनियन खेळायला इंग्लंडला बाथ क्लबकडे आला. लीग आणि युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत, खालच्या पत्रात ते नीट दिलंय. बाथने त्याला शेवटी फ्लँकर केलं, म्हणजे पुढं झुंजणाऱ्या फॉरवर्डमध्ये, आणि इंग्लंडने घेतलं सेंटर म्हणून, म्हणजे मागून बॉल घेऊन पळणाऱ्या बॅक्समध्ये. आयुष्यभर लेफ्ट कॉर्नर खेळलेल्या माणसाला क्लबात कव्हर लावायचं आणि राज्याच्या टीमला रेडर करायचं, असं कुणी केलं तर तू काय म्हणशील? वर्षभराच्या आत तो २०१५ चा वर्ल्ड कप खेळला. वेल्सविरुद्ध सुरुवातीपासून होता, इंग्लंड २५-२८ हरलं, मग ऑस्ट्रेलियाकडून १३-३३, यजमान असून ग्रुपमध्येच बाहेर. सगळा राग त्याच्यावर निघाला. माझ्या मते ते अन्यायाचं होतं, वेल्सच्या मॅचमध्ये तो काही वाईट खेळला नव्हता आणि तो मैदानात होता तोवर इंग्लंड पुढं होतं. युनियनच्या एकूण पाच टेस्ट, म्हणजे देशाकडून मॅच, बस. नोव्हेंबरमध्ये तो बाथ सोडून परत सिडनीला गेला.

आणि मग खांदा. भाऊ, लक्षात घे, जी दुखापत सगळ्या जगाने बघितली तिने त्याला थांबवलं नाही, गाल भरून आला. थांबवलं खांद्याने, ज्याचे व्हिडिओ कुणी बनवत नाही. वर्षानुवर्षं त्याच खांद्याने टॅकल, त्याच खांद्यावर पडणं, ऑपरेशन, पुन्हा टॅकल. २०१९ मध्ये खांद्याच्या ऑपरेशननंतर इन्फेक्शन झालं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याने रिटायरमेंट जाहीर केली. कॉन्ट्रॅक्ट बाकी होतं, वय ३० वर्षं.

आता तुझ्या गुडघ्याकडे येते. हाड आणि लिगामेंट यांचा स्वभावच वेगळा आहे. तुटलेलं हाड नीट बसवलं तर जुळतं. पूर्ण तुटलेला एसीएल आपोआप तसा जुळून येतो असं धरून चालता येत नाही, दोन टोकं गुडघ्याच्या आत सुटी राहतात. सूज उतरली म्हणून तो बरा झाला असं नाही, सूज उतरणारच होती. सरळ चालायला, गाडी चालवायला एसीएल फारसा लागत नाही, तो लागतो पळता पळता थांबायला आणि वळायला. म्हणजे रग्बीत जे सगळ्यात जास्त करायचं असतं नेमकं तेच. नी-कॅप गुडघा गरम ठेवते, धीर देते, आतलं हाड सरकायचं थांबवत नाही. तू त्या निवडीत एक साइड-स्टेप मारायला जाशील, गुडघा आतल्या आत सटकेल, आणि यावेळी मधली गादी फाटेल. एसीएलचं ऑपरेशन चांगलं होतं, पण गादीचा तुकडा काढावा लागला की चाळिशीतच गुडघा कुरकुरायला लागतो, असे लोक माझ्याकडे रोज येतात.

सर्जरीचा निर्णय तुझा आणि डॉक्टरांचा. सगळ्यांनाच ती लागते असं नाही, ज्यांना खेळायचं नाही ते फक्त व्यायामावर पण नीट राहतात. पण तुला वळण्या-पळण्याचा खेळ खेळायचाय आणि वय विशीचं आहे, त्यामुळे डॉक्टर सर्जरी सुचवतायत ते मला बरोबर वाटतं. सर्जरीत तुझ्याच मांडीमागची किंवा वाटीखालची शीर घेऊन नवीन लिगामेंट बसवतात. ती बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत आतून कमजोर होते आणि मग हळूहळू पक्की होत जाते, आणि फसगत होते ती इथंच, कारण तीन-चार महिन्यांनी पोराला वाटतं आपण एकदम ओके आहोत, दुखत नाही, सूज नाही, आणि शीर मात्र अजून कच्ची. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. नऊ महिने झाले म्हणजे लगेच खेळायचं असंही नाही, दोन्ही मांड्यांची ताकद मोजायची, दुखऱ्या पायाची चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के पाहिजे. एका पायावर लांब उडी मारून त्याच पायावर उतरायचं, गुडघा आत न वळता स्थिर राहिला पाहिजे, दोन्ही पायांचं अंतर टेपने मोजून बघायचं. हे जमलं की मग सराव, मग मॅच.

घरी केळीची बाग आहे का ते लिहिलं नाहीस, पण चोपड्याकडचा आहेस म्हणून सांगते, खांद्यावर घड घेऊन ओल्या सरीतून चालणं आता बंद. पाय घसरला की तोच वळण्याचा प्रकार होतो. सर्जरी होईपर्यंत मांडी बारीक होऊ द्यायची नाही, फिजिओकडून व्यायाम शिकून घे आणि सकाळी लवकर उरकत जा, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हात दुपारी ते होणार नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना आधी भेट, कशात बसतं ते तेच नीट सांगतील.

आणि रग्बी? सरांची नजर चुकलेली नाही. कबड्डीच्या पोरांना खाली वाकून मांडी धरायची सवय असते, ती रग्बीत फार उपयोगी पडते. एक सवय मात्र मोडावी लागेल, डॅश. नुसता खांदा मारून चालत नाही, हाताने विळखा घालावाच लागतो नाहीतर फाऊल. हे पुढच्या वर्षीच्या निवडीआधी शीक, सर्जरी वेळेत झाली तर पुढच्या वर्षीची निवड तुझी आहे. आईला हे पत्र वाचून दाखव, सोडून दे असं मी म्हणत नाहीये, थांब म्हणतेय.

"मॅडम, भुसावळहून लिहितोय, रेल्वेतून रिटायर. नातू रग्बीच्या मॅच बघतो, त्यात एकदा १३ खेळाडू तर एकदा १५. बॉल धरल्यावर एका खेळात सगळे उठून बाजूला होतात, दुसऱ्यात त्याच्यावर ढीग करतात. दोन्हीचं नाव रग्बी. असं कसं? आणि दोन्हीकडून देशासाठी खेळणं एवढं अवघड का मानतात?"

काका, भांडण पगारावरून झालं. इंग्लंडच्या उत्तरेत रग्बी खेळणारे बरेचसे गिरणी आणि खाणीतले कामगार होते. शनिवारी मॅच म्हणजे त्या दिवसाचा खाडा, मजुरी बुडायची. क्लब म्हणाले निदान बुडालेली मजुरी तरी देऊ द्या, लंडनकडची मंडळी म्हणाली नाही, पैसे घेतले की खेळ बाटला. ज्यांचं घर खेळण्यावर अवलंबून नव्हतं त्यांना असं म्हणणं सोपं होतं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांचा तो पुढं लीग झाला, जुना राहिला तो युनियन. तुम्ही आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, खाड्याची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

मग लीगवाल्यांनी खेळ वेगवान केला, १९०६ ला दोन माणसं कमी करून १३ केले. टॅकल झाला की बाकीचे उठतात, पडलेला माणूस उभा राहून बॉल पायाने मागं सरकवतो, असे सहा टॅकल मिळतात आणि मग बॉल समोरच्याला. युनियनमध्ये १५ जण, आणि टॅकलनंतर बॉलसाठी खरी झुंज सुरू होते, तो तुम्ही म्हणता तो ढीग. ट्राय लीगमध्ये ४ पॉइंटचा, युनियनमध्ये ५ चा.

अवघड का, तर १९९५ पर्यंत युनियनचा खेळाडू पैसे घेऊन लीगला गेला की त्याला युनियनचे दरवाजे कायमचे बंद. वेल्सचा जोनाथन डेव्हिस १९८९ ला कॅप्टनपदावर असताना विडनेस या लीग क्लबाकडे गेला, तेव्हा परतीचा रस्ताच नव्हता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये युनियनने पण पैसे घ्यायला परवानगी दिली आणि तो परत येऊन वेल्ससाठी खेळला. त्यानंतर जाणं-येणं सोपं झालं, पण शरीराचं सोपं झालं नाही. दहा वर्षं टॅकलनंतर उठून बाजूला व्हायची सवय लागलेल्या माणसाला एकदम त्या ढिगात डोकं घालायचं असतं, मान, पाठ, पोटरी सगळ्यावर वेगळा ताण येतो. नातवाला घेऊन दोन्हीची एकेक मॅच सलग बघा, लगेच कळेल.

"मी धुळ्याचा, शाळेत क्रीडा शिक्षक. लीगमधून युनियनला गेलेल्यांपैकी ज्याचं दुखापतीने सगळ्यात जास्त नुकसान झालं असा खेळाडू तुमच्या मते कोण? बर्जेसच का?"

सर, माझ्या मते अँडी फॅरेल. बर्जेसला युनियनमध्ये वेळ मिळाला नाही, फॅरेलला शरीराने वेळ दिला नाही.

फॅरेल विगन या इंग्लंडच्या लीग क्लबाचा. १७ व्या वर्षी वेंब्लीवर चॅलेंज कप, म्हणजे तिकडचा लीगचा मोठा नॉकआउट कप, जिंकलेल्या टीममध्ये, १८ व्या वर्षी ग्रेट ब्रिटनकडून, २१ व्या वर्षी ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन. २००४ ला मॅन ऑफ स्टील, म्हणजे तिकडच्या लीगचा वर्षातला बेस्ट खेळाडू, आणि जगातला बेस्ट लीग खेळाडू म्हणून गोल्डन बूट, दोन्ही त्यालाच. तो काळ माझ्या फार आवडीचा, किक मारणारा फॉरवर्ड तेव्हाही कमी दिसायचा. आणि अशा टोकावर असताना २००५ मध्ये तो सॅरसन्स क्लबकडे युनियनला गेला. तिथं पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन, मग कार अपघात, मग पाठ. सही केल्यापासून पहिली मॅच खेळायला २००६ चा सप्टेंबर उजाडला. म्हणजे नवीन खेळ शिकायची जी वर्षं होती ती तो टेबलावर पडून उपचार घेत होता.

इंग्लंडकडून युनियनची पहिली टेस्ट फेब्रुवारी २००७, स्कॉटलंडविरुद्ध ट्विकनहॅमला, वय ३१. इंग्लंडचा नावाजलेला किकर जॉनी विल्किन्सन पण त्याच मॅचला तीन वर्षांच्या दुखापतींनंतर परतला होता, इंग्लंड ४२-२० जिंकलं. त्या दोन देशांमध्ये ज्या कपसाठी मॅच होते त्याचं नाव कलकत्ता कप, हे मुलांना नक्की सांगा. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद झाला, तेव्हा खात्यातले उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवून तो कप घडवलाय, मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती. आपल्या रुपयाची चांदी आहे ती.

फॅरेलच्या युनियनच्या टेस्ट झाल्या आठ. २००७ च्या वर्ल्ड कपला होता पण फायनलच्या टीममध्ये नव्हता, २००९ ला थांबला. लोक म्हणाले लीगवाल्याला युनियन जमलं नाही. मला ते पटत नाही, कारण खेळ त्याला किती कळला होता ते पुढं दिसलं. आयर्लंडचा कोच म्हणून २०२३ ला ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा देशांच्या स्पर्धेतल्या सगळ्या मॅच जिंकणं, २०२५ ला ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या चार देशांच्या एकत्र टीमला ऑस्ट्रेलियात २-१ ने सिरीज जिंकून दिली. डोकं शाबूत होतं, १४-१५ वर्षं लीगमध्ये आदळून आदळून शरीर आधीच खर्च झालेलं होतं. तुमच्या प्रश्नाचा खरा धडा शाळेसाठी आहे असं मला वाटतं, खेळ बदलायचा तर शरीर ताजं असताना बदला, आणि मुलाला बाराव्या वर्षापासून एकाच खेळात, एकाच जागेवर जुंपू नका.

सनी बिल विल्यम्सचं नाव पण घ्यायला पाहिजे. न्यूझीलंडचा, लीगमधून युनियनला आला, २०११ आणि २०१५ असे दोन वर्ल्ड कप जिंकले, मग २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, जपानविरुद्धच्या पहिल्याच मॅचला टाचेच्या मागची शीर, अकिलीस, गेली. तो मैदानाबाहेर, न्यूझीलंड १२-१४ हरलं. पण त्याने घाई केली नाही, पुढच्या वर्षी परत आला आणि २०१९ चा वर्ल्ड कप पण खेळला, ३४ व्या वर्षी. अकिलीस गेल्यावर तिशीनंतर परत त्या लेव्हलला येणारे फार थोडे.

"ताई, मी शहाद्याहून, मुलगी दहावीला आहे, कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेलीये. गेल्या वर्षी खांदा उतरला तर गावातल्या हाड बसवणाऱ्या बाबांनी ओढून बसवला, तेल लावून चोळला. त्यानंतर दोनदा उतरला, एकदा तर झोपेत कूस बदलताना. घरचे म्हणतात उद्या लग्नाला अडचण, खेळ बंद करा. पोरगी रडते."

ताई, तिला रडू देऊ नका, खेळ बंद करायची वेळ आलेली नाही. वेळ आलीये ती हाडांच्या डॉक्टरला दाखवायची.

खांदा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला गोळा, बशीच्या कडेला एक जाड कड असते, ती गोळ्याला जागेवर धरते. पहिल्यांदा उतरतो तेव्हा बऱ्याचदा ती कड फाटते. वय कमी असेल तर पुन्हा पुन्हा उतरायची शक्यता जास्त, पंधरा-सोळाव्या वर्षी तर फारच. आता झोपेत उतरतोय म्हणजे कड धरत नाहीये, ती चोळून चिकटणार नाही. एक्सरे आणि एमआरआय होईल, दुर्बिणीतून कड पुन्हा शिवता येते, आणि त्यानंतर सहा-एक महिन्यांनी पकडीचा खेळ सुरू करता येतो. किती महिने ते तिचे डॉक्टर सांगतील.

बाबांच्या हाताला गुण असेल, मी त्यांचा अनादर करत नाही, पण एक्सरेशिवाय खांदा ओढण्यात धोका आहे. गोळ्याला बारीक फ्रॅक्चर असेल तर ते वाढतं, काखेतून जाणारी नस दाबली गेली तर हात उचलता येत नाही. पुन्हा उतरला तर हात ओढणीने पोटाशी बांधा, बर्फ लावा आणि सरळ दवाखान्यात न्या. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं का ते तिला विचारा आणि डॉक्टरला नक्की सांगा.

तोपर्यंत तिच्याकडून डोक्यावर हंडा, कळशी उचलून घेऊ नका, हात वर करून बाहेर फिरवला की तो सटकतो. लग्नाचं म्हणाल तर शिवलेला खांदा स्वयंपाकाला, शेताला, लेकराला उचलायला सगळ्याला चालतो, न शिवलेलाच अडचण करेल. आणि जिल्ह्यापर्यंत गेलेल्या मुलीची सर्टिफिकेटं जपून ठेवा, दहावीच्या ग्रेस मार्कांबद्दल शाळेत आत्ताच विचारा, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात कुठल्या लेव्हलचं सर्टिफिकेट धरतात तेही जिल्हा क्रीडा कार्यालयातून समजून घ्या.

"अमळनेरहून एक कबड्डी मंडळ. डोक्याला डोकं लागून पोरगा दोन सेकंद सुन्न झाला, मग म्हणाला मी ठीक आहे. पाणी मारून परत उतरवायचं का?"

नाही. त्या दिवशी त्याची मॅच संपली, तो कितीही म्हणाला तरी. मेंदूला हादरा बसला की ठीक आहे की नाही हे ठरवायला जो मेंदू लागतो त्यालाच लागलेलं असतं. आता मोठ्या रग्बीत असा संशय आला की खेळाडूला तपासणीला बाहेर काढतात, ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये कन्कशन ठरलं तर साधारण ११ दिवस मॅच नाही. तुमच्या मंडळात निदान दोन आठवडे धरा आणि मग हळूहळू सराव. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून उठेना, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते, हातपाय लुळे वाटतात, नाकाकानातून पाणी येतं, यातलं काहीही दिसलं की रात्र असो की पहाट, हॉस्पिटल. आणि त्या रात्री त्याला एकट्याला झोपवू नका.

"मॅडम, पाचोऱ्याहून. तुम्ही व्हॉट्सअॅपवर बर्जेसची पोस्ट टाकली होती, तो रिटायर झाला एवढंच त्यात होतं. आता तो काय करतो?"

कोच आहे, भाऊ. २०२४ च्या सीझनपासून इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन वुल्व्ह्ज या लीग क्लबाचा हेड कोच झाला. पहिल्याच वर्षी टीम वेंब्लीला चॅलेंज कपच्या फायनलला नेली, विगनकडून ८-१८ हरले. २०२५ ला पुन्हा फायनल, यावेळी हल किंग्स्टन रोव्हर्सकडून ६-८, अगदी शेवटच्या मिनिटांत हातातून गेली. त्या दोन्ही वेळी कप मिळाला नाही, पण सलग दोन फायनल म्हणजे कोच म्हणून तो गंभीर माणूस आहे, आणि मला तरी त्याची ही दुसरी इनिंग बघायला पहिल्याइतकीच आवडते.